माळशेजच्या वाटेवर मुकी झालेली फटफटी



कल्याणहून मुरबाड, माळशेज, ओतूर, आळेफाटा करीत अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला, जाणारा रस्ता तुमच्यापैकी कित्येकांच्या पायाखालचा असेल. आता तो राष्ट्रीय महामार्ग ६१ म्हणून ओळखला जातो. जुन्नर तालुक्यातला कांदा, टोमॅटो, भाजीपाला टेम्पो भरभरून याच वाटेने कल्याण-मुंबईकडे उतरतो. माझे घर घाटावर ओतूरच्या बाजूला आणि नेमणूक घाटाखाली मुरबाड तालुक्यात. तेव्हा आठवड्यातून एकदा तरी माळशेज उतरणे-चढणे आलेच. एस.टी. आहे, पण विस्तार अधिकाऱ्याला वाडीवस्तीवर जावे लागते आणि तिथे फटफटीच उपयोगी पडते. या रस्त्याची आणि त्यावर चालणाऱ्या फटफटीची थोडी हकिगत आज तुम्हाला सांगायची आहे. पावसाळ्याच्या तोंडी ती तुमच्याही कामी येईल.

तीस-चाळीस किलोमीटरमध्ये तीन मुलूख

ओतूर सोडताना मांडवी नदीकाठचे कपर्दिकेश्वराचे देऊळ लागते. श्रावणी सोमवारी इथे तांदळाच्या पिंडी करतात, त्या पाहायला लांबलांबून माणसे येतात. तुकोबारायांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधीही इथेच आहे. वारकरी असाल तर या गावावरून नुसते पुढे जाऊ नका, दहा मिनिटे थांबा.

ओतूरच्या आसपास काळी-मध्यम जमीन, कांदा, ऊस, टोमॅटोचे मांडव. उदापूर, डिंगोरे मागे पडले की जमिनीचा रंग बदलू लागतो. मढच्या पुढे तर सगळेच बदलते. बांध जवळजवळ येतात, खाचरे दिसू लागतात, उतारावर नाचणी-वरई आणि माळाकडेला हिरड्याची झाडे. डाव्या हाताला, उजव्या हाताला डोंगर अंगावर येतात आणि पिंपळगाव जोगा धरणाचे पाणी रस्त्याला सोबत करते. येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि हे पिंपळगाव जोगा, अशी कुकडी प्रकल्पाची पाच धरणे. पाऊस पडतो तो इथे, सह्याद्रीच्या माथ्याला, आणि पाणी जाते पार पूर्वेच्या कोरड्या तालुक्यांत. ओतुरात अंगावर नुसता शिडकावा असतो तेव्हा खुबी फाट्यावर छत्री उलटी होते. पावसाची छाया कशाला म्हणतात हे शाळेच्या पुस्तकापेक्षा या रस्त्यावर लवकर समजते.

खुबी फाट्यावरून आत खिरेश्वरला वाट जाते. हरिश्चंद्रगडावर जाणारी मंडळी तिथूनच तोलार खिंडीकडे चालू लागतात. फाटा सोडला की थोड्याच वेळात घाट सुरू होतो. बोगदा लागतो, पावसाळ्यात कड्यावरून धबधबे थेट रस्त्याकडेला कोसळतात, आणि धुके उतरले की चार हातांवरचा ट्रक दिसत नाही. खाली मोरोशी, वैशाखरे, टोकावडे, सरळगाव आणि मग मुरबाड. तिथे पुन्हा वेगळा मुलूख: भाताची खाचरे, सागाची जंगले आणि उन्हाळ्यात भेंडी.

घाटावरचा माल कोकणात उतरण्याची ही रीत आजची नाही. जवळच नाणेघाट आहे. सातवाहनांच्या काळात जुन्नर ही मोठी पेठ होती आणि कल्याण हे बंदर. दोहोंमधला व्यापार बैलांच्या पाठीवरून नाणेघाटाने चाले. वर लेण्यात नागनिका राणीचा शिलालेख आहे आणि बाहेर तो प्रसिद्ध दगडी रांजण. जकातीची नाणी त्यात टाकीत असे सांगतात. ती वाट उतरते ती वैशाखऱ्याजवळ, म्हणजे आपल्याच रस्त्याला येऊन मिळते. त्या काळच्या व्यापाऱ्याचा बैल अडला तर पुढून ओढता येई, मागून ढकलता येई. फटफटी अडली की तसे करून भागत नाही. ती का अडली हे शोधावे लागते.

गाडी गप्प झाली

आषाढातली गोष्ट. वैशाखऱ्याच्या बाजूला एका शेतकऱ्याच्या १० गुंठ्यांवर चारसूत्री भात लागवडीचे प्रात्यक्षिक ठरले होते. चारसूत्री तुम्हाला ठाऊक असेल. २५ आणि १५ सेंटिमीटर असे आलटून-पालटून अंतर ठेवून दोरीवर लावणी करायची आणि चार चुडांच्या प्रत्येक चौकात मधोमध युरिया-डीएपीची एक गोळी सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचायची. गोळी खोल गेली की नत्र पाण्याबरोबर वाहून जात नाही, पीक ते सावकाश घेते. पण ही गोळी लावणीच्याच दिवशी खोचावी लागते. चिखल बसला की ती हाताने खोल जात नाही. १० गुंठ्यांना सुमारे १७ किलो गोळ्या लागतात. तेवढी गोणी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून मी मागे बांधली होती. खाली आवणातून रोपे उपटून मुठी बांधून झाल्या होत्या, सावडीच्या बायका खाचरात उतरणार होत्या. सावड म्हणजे आज याच्या शेतात, उद्या त्याच्या. आजचा दिवस हुकला तर त्या शेतकऱ्याची पाळी पुन्हा चार-सहा दिवसांनी, आणि तोवर उपटलेली रोपे पिवळी पडणार.

खुबी फाट्याच्या अलीकडे गाडी चालता चालता एकदम बंद पडली. आचका नाही, धूर नाही. पेट्रोल होते. चावी फिरवून पाहिली तर न्यूट्रलचा हिरवा दिवा नाही, हॉर्न नाही, इंडिकेटर नाही. बटणस्टार्टर दाबला तर टक् असा आवाजसुद्धा नाही. गाडी पूर्ण मुकी. माझ्या गाडीची ठिणगी बॅटरीवर चालते, त्यामुळे किक मारून उपयोग नव्हता. मोबाइलला रेंज नव्हती. मढला गॅरेज आहे, पण मिस्त्री दिंडीबरोबर पंढरपुरला गेलेला.

अशा वेळी पहिले काम गाडी दुरुस्त करण्याचे नाही, ती रस्त्यावरून बाजूला घेण्याचे आहे, हे ध्यानात ठेवा. दिवा नसलेली गाडी धुक्यात ट्रकवाल्याला दिसत नाही. वळणावर थांबू नका आणि पावसाळ्यात कड्याच्या पायथ्याशीही थांबू नका, दरडीचा भरवसा नसतो. ढकलत का होईना, मोकळ्या जागी या. मी गाडी ढकलत फाट्याजवळच्या चहाच्या झोपडीपर्यंत आणली.

पाटकऱ्याचा हिशेब

झोपडीत चहा करणारे म्हातारबाबा कालव्यावर पाटकरी होते, आता निवृत्त झालेले. कुणाच्या चारीला किती वेळ पाणी सोडायचे, दार कधी पाडायचे, टेलला पाणी का पोचत नाही, यात त्यांची उमर गेलेली. गाडीतले त्यांना काही कळत नाही हे त्यांनी आधीच सांगून टाकले. पण मी बाजूचे झाकण काढून बॅटरी पाहू लागलो तेव्हा शेजारी उकिडवे बसून त्यांनी विचारले, "सायेब, पाणी कुठवर आलंय?"

"पाणी नाही बाबा, वीज."

"त्येच वो. मुखाला हाय का? चारीला हाय का? शेतात न्हाई म्हंजी कुठंतरी मधी फुटलंय. आमी तर मुखापासनं चालत जायचो. सरळ टेलला जाऊन काय दिसनार?"

बंधूंनो, वीस पुस्तके वाचून जे डोक्यात नीट बसत नाही ते या एका प्रश्नात आहे. गाडीची वीज ही पाटाच्या पाण्यासारखी एका ठिकाणाहून निघते आणि ठरलेल्या वाटेनेच जाते. बॅटरी हे धरण. तिच्या धन टोकावरून तांबडी तार निघते ती आधी मेन फ्यूजमध्ये जाते. फ्यूज म्हणजे कालव्याचे दार. पाणी जास्त झाले तर तेच आधी पडते आणि पुढचे वाचते. तिथून तार टाकीखालून हँडलकडे, चावीच्या स्विचला. चावी उघडली की तिथून हॉर्न, इंडिकेटर, दिवे, ठिणगी अशा चाऱ्या फुटतात. एकच फरक ध्यानात घ्या. पाणी शेतात जिरते, वीज परत यावी लागते. ती गाडीच्या लोखंडी सांगाड्यातून बॅटरीच्या ऋण टोकाला परत येते. त्यालाच मिस्त्री लोक अर्थ म्हणतात. जाण्याची वाट तुटली काय आणि परतीची तुटली काय, गाडी सारखीच बंद.

म्हणून एकटा हॉर्न वाजत नसेल तर दोष हॉर्नच्या चारीत. सगळेच एकदम गेले असेल तर दोष वर, मुखाकडे: बॅटरीची टोके, मेन फ्यूज, अर्थ किंवा चावीचा स्विच आणि त्याची तार. एवढ्या चार-पाच ठिकाणांपलीकडे शोधायचे कारण नाही. आणि दिवा मंद लागतो, स्टार्टर टक टक करतो पण इंजिन फिरत नाही, असे असेल तर वाट तुटलेली नाही, धरणातच पाणी कमी आहे. मग बॅटरी उतरली किंवा तिचे टोक ढिले आहे असे समजावे.

बाबांच्या हिशेबाने आम्ही मुखापासून निघालो. मागच्या इंडिकेटरचा दिवा काढला. बाबांच्या जुन्या पंपाच्या वायरीचे दोन तुकडे घेतले. एक दिव्याच्या पितळी अंगाला गुंडाळला, दुसरा बुडाच्या ठिपक्याला धरला. हे झाले आमचे परीक्षेचे यंत्र. एक टोक बॅटरीच्या ऋणाला आणि दुसरे धनाला लावताच दिवा लख्ख लागला. म्हणजे धरणात पाणी होते. मग ऋणावरचे टोक काढून सांगाड्याच्या उघड्या बोल्टला लावले, तरी लागला. म्हणजे परतीची वाट शाबूत. मग फ्यूज काढून उजेडाकडे धरला. आतली पट्टी सलग होती. नुसत्या डोळ्यांवर न राहता फ्यूज परत बसवून त्याच्या पुढच्या बाजूलाही दिवा लावून पाहिला. लागला.

राहिला टाकीखालचा भाग आणि चावी. हेडलाइटचे दोन स्क्रू सोडले की आत तारांचे कपलर दिसतात. चावीच्या स्विचकडे जाणाऱ्या तांबड्या तारेवर दिवा धरला. अंधार! फ्यूजच्या पुढे पाणी होते, इथे नव्हते. म्हणजे फूट या दोहोंच्या मध्ये. दिवा तसाच धरून बाबांना म्हटले, "हँडल जरा फिरवा." हँडल पुरते डावीकडे गेले आणि दिवा लागला. सरळ केले, विझला. हँडल फिरते तिथे, गाडीच्या मानेपाशी, तार आतल्या आत तुटली होती. वरचे प्लॅस्टिक अखंड, त्यामुळे नुसते पाहून जन्मात सापडली नसती. हजारो वेळा हँडल इकडून तिकडे फिरले की तिथे तार थकते. पत्र्याची पट्टी सारखी वाकवली की तुटते, तसेच ते.

मग पंपाच्या वायरीचाच एक तुकडा घेऊन फ्यूजच्या पुढच्या बाजूपासून हेडलाइटमधल्या तांबड्या तारेपर्यंत दुसरी चारी काढली. जोड घट्ट पिळले, चिकटपट्टी गुंडाळली आणि हँडल दोन्हीकडे पुरते फिरवून ताण येत नाही हे पाहिले. इथे एक गोष्ट नीट ऐका. अशी पर्यायी तार कधीही सरळ बॅटरीवरून घेऊ नका, फ्यूजच्या पुढूनच घ्या. दार नसलेला कालवा फुटला तर रान वाहून जाते. फ्यूज नसलेली तार कुठे सांगाड्याला टेकली तर तापून पेट घेते, आणि वर पेट्रोलची टाकी असते.

चावी फिरवली. हिरवा दिवा लागला. बाबांनी चहाचे पैसे घेतले, वायरीचे घेतले नाहीत. म्हणाले, "खालच्या बायामानसं खोळंबली असतील. जावा."

घाटाखाली पोचलो तेव्हा बायकांनी रोपांच्या मुठी सावलीला पाण्यात उभ्या करून ठेवल्या होत्या आणि शेजारचे खाचर आधी लावायला घेतले होते. दुपारी आमच्या १० गुंठ्यांत दोरी लागली आणि दिवस मावळायच्या आत शेवटची गोळी चिखलात गेली. संध्याकाळी मुरबाडला मिस्त्रीकडून मानेजवळची तार नवी घालून घेतली. रस्त्यावरची डागडुजी घरी पोचण्यापुरती समजावी.

तुमच्या दारातल्या गाडीसाठी

हे सांगण्याचे कारण असे की आज गाडी हे शेतकऱ्याच्या घरातले चैनीचे साधन राहिलेले नाही. सकाळी दुधाच्या किटल्या तीवर जातात, दुपारी खताची गोणी येते, रात्री-अपरात्री आजारी माणूस तिच्यावरूनच दवाखान्यात न्यावा लागतो. आणि आता गाड्या पूर्वीपेक्षा जास्त विजेवर अवलंबून आहेत. जुन्या पुष्कळ गाड्यांची ठिणगी इंजिनातल्याच कॉइलवर होत असे. बॅटरी मेली तरी किक मारून त्या घरी पोचत. २०१७ पासून नव्या गाड्यांचा हेडलाइट इंजिन चालू असेतो जळता असतो. २०२० च्या एप्रिलपासून बीएस-६ गाड्या आल्या आणि त्यांतल्या बहुतेकींना पेट्रोलसुद्धा विजेचा पंप पुरवतो. अशा गाडीची बॅटरी पुरती उतरली तर किक मारून किंवा ढकलूनही ती सुरू होत नाही. म्हणून पेरणीआधी जशी अवजारे पाहता तशी गाडीची वीजही पाहून घ्या.

बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवट भुकटी जमली असेल तर ती विजेला अडवते. आधी ऋण टोक सोडा, मग धन. गरम पाण्याने व जुन्या ब्रशाने धुवा, कोरडे करा, आधी धन आणि मग ऋण घट्ट आवळा, वरून थोडे व्हॅसलीन लावा. हे करताना जवळ विडी-काडी नको, बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो. पाण्याची बॅटरी असेल तर दोन रेघांच्या मध्ये पाणी ठेवा आणि तेही डिस्टिल्ड. विहिरीच्या पाण्यातले क्षार तिचा जीव घेतात. सीलबंद बॅटरी उघडू नका.

खताची गोणी गाडीवरून आणली की त्याच दिवशी गाडी साध्या पाण्याने धुवा. युरिया, पोटॅश यांची भुकटी हवेतला ओलावा ओढते आणि सांगाड्यावरचे अर्थचे बोल्ट, तारांचे जोड खाते. फवारणीचे पंप वाहणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावे. गोठ्यात गाडी लावत असाल तर सीटखालच्या तारा महिन्यातून एकदा पाहा. उंदरांना त्या फार आवडतात. किटलीची किंवा गोणीची दोरी मागच्या दिव्याच्या तारेवर घासत नाही ना, तेही पाहा.

फ्यूज उडाला तर त्याच आकड्याचा नवा घाला. आकडा फ्यूजवरच लिहिलेला असतो, बहुतेक १० किंवा १५ अँपिअर. तंबाखूच्या पुडीची चांदी किंवा तांब्याची तार घालू नका. नवाही लगेच उडाला तर कुठेतरी तार सोलून सांगाड्याला टेकली आहे असे समजा आणि ती शोधा.

बॅटरी सारखी उतरत असेल तर नवी घेण्याआधी मिस्त्रीकडे मल्टिमीटर लावून पाहा. पुरती भरलेली बॅटरी गाडी बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. १२ च्या खाली आली तर ती उतरली. इंजिन चालू करून थोडी रेस दिल्यावर काटा साडेतेरा ते साडेचौदापर्यंत चढला पाहिजे. चढला नाही तर दोष बॅटरीचा नाही, तिला भरणाऱ्या कॉइलचा किंवा रेग्युलेटरचा आहे. नवी बॅटरी घालूनही ती महिन्याभरात अशीच मरेल आणि पैसे फुकट जातील.

सीटखाली एक छोटी पिशवी ठेवा. तीत दोन जादा फ्यूज, एक इंडिकेटरचा दिवा, चार हात वायर, चिकटपट्टी, स्क्रूड्रायव्हर आणि बॅटरीच्या नटाला लागणारा पाना एवढे असले की झाले. दुचाकीचे शिक्षण घरातल्या मुलीला आणि सुनेलाही द्या. आता त्याही गाडी चालवतात, आणि रस्त्यात अडल्यावर बॅटरी कुठे आणि फ्यूज कुठे एवढे तरी त्यांना ठाऊक असावे. एखाद्या रिकाम्या दुपारी दारात गाडी उभी करून दिवा आणि वायर घ्या आणि बॅटरीपासून चावीपर्यंत सगळ्यांनी मिळून एकदा वाट चालून पाहा. अर्ध्या तासाचे काम आहे.

आणि माळशेजला यायचे असेल तर जरूर या. पावसाळ्यात दिवसाउजेडी या, दरडीची खबर घेऊन या, धबधब्याखाली गाडी उभी करू नका. भाताच्या लावणीचा हंगाम असेल तर घाटाखाली एखाद्या खाचराशी थांबून चौकोनी चारसूत्री लावण बघून जा. तुमच्याकडे भात होत असेल तर पुढच्या वर्षी पाच गुंठ्यांवर करून पाहावीशी वाटेल.